जुन्या संगणकावर जुनीच प्रणाली

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नित्याची डागडुजी थांबविली. तेव्हांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला जात आहे : घरांतील जुन्या संगणकाचें आतां करावें काय? विंडोज ११ ला निदान चार जीबी रॅम आणि टीपीएम नांवाची सुरक्षेची विशिष्ट व्यवस्था लागते. पंधरा वर्षांपूर्वीं घेतलेल्या यंत्रांत ती बहुधा नसते. म्हणजे पुढचा रस्ता बंद. मग मागें जावें काय? यंत्र घेतलें त्या वेळीं जी प्रणाली त्यावर होती तीच पुनः बसविली, तर तें पूर्वीसारखें चालेल काय, असें एका भगिनींनीं विचारलें आहे.

चालेल, आणि पुष्कळदां आजच्यापेक्षां चपळ चालेल. परंतु जावें कीं न जावें, याचा निर्णय यंत्राच्या वयावरून करूं नये, त्यांत काय लिहून ठेविलें आहे यावरून करावा, असें माझें मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं एका घरची हकीकत देतों.

त्याआधीं प्रणाली म्हणजे काय तें दोन शब्दांत सांगतों. ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं पुढें जावें. एकत्र कुटुंबांत कर्ता पुरुष जसा कोणास काय द्यावयाचें, कोणती वस्तु कोठें ठेवावयाची, दारीं आलेल्यास आंत घ्यावें कीं नाहीं, हें पाहतो, तसें संगणकांत प्रणाली पाहते. कर्ता बदलला तरी घर तेंच राहतें. पण जुन्या कर्त्यानें वह्यांतून ज्या खुणा करून ठेविलेल्या असतात त्या नव्यास उलगडतीलच असें नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी कफ परेडच्या मच्छीमार नगरांत राहतो. उंच उंच इमारतींच्या पायथ्याशीं, बॅकबेच्या पाण्याला लागून ही कोळी बांधवांची वस्ती आहे. घरची होडी आहे, आणि समुद्रावर जाणें पिढीजात. सन २०१० मध्यें त्यानें लॅमिंग्टन रोडवरून एक संगणक जुळवून आणला. त्यावर विंडोज ७ होती आणि दोन जीबी रॅम. त्याच्या मातोश्रींना हळदीचीं व लग्नाचीं गाणीं पुष्कळ येत. त्या सांगत, आणि थोरली कन्या एका छापखान्याच्या धर्तीच्या मराठी टंकलेखन-प्रोग्रामांत तीं उतरून घेई. दोन वर्षें हें काम चाललें. पुढें मातोश्री निवर्तल्या. सन २०१६ मध्यें, मायक्रोसॉफ्टनें वर्षभर विंडोज १० फुकट देऊं केली होती त्या सपाट्यांत, पुतण्यानें ती यंत्रावर चढविली. नंतर एकदां यंत्र बंद पडलें तेव्हां दुरुस्ती करणारानें ‘सी’ भाग पुसून विंडोज १० कोरी बसविली. गाण्यांच्या फाइली ‘डी’ भागांत होत्या म्हणून वांचल्या. परंतु उघडून पाहतात तों गाणीं नाहींत; इंग्रजी अक्षरें, टिंबें, कंस आणि चौकोन यांचा नुसता पसारा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. होडी वर ओढलेली, जाळीं विणावयास काढलेलीं, अशा दिवसांत घरांतील राहिलेलीं कामें हातीं घेतलीं जातात. त्याच दिवसांत तो मजकडे गिरगांवांत आला आणि म्हणाला, “सर, दुकानदार म्हणतो फाइली खराब झाल्या, सगळं पुसून टाका. पोरं म्हणतात नवा घ्या. नवा घेईन हो, पण आयेचीं गाणीं?”

“अरे, फाइली खराब झालेल्या नाहींत,” मीं त्यास सांगितलें, “त्या वाचणारा कोणी उरलेला नाहीं एवढेंच.”

येथें थोडा खुलासा केला पाहिजे, कारण ही अडचण हजारों मराठी घरांतून, छापखान्यांतून व संस्थांच्या कपाटांतून पडून आहे. संगणक अक्षर लिहीत नाहीं, अंक लिहितो. कोणत्या अंकास कोणतें अक्षर मानावें, याचा करार आधीं व्हावा लागतो. देवनागरीसाठीं असा करार झालेला होता : भारतीय मानक संस्थेचा इस्की १९९१ सालचा, आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत, त्याच सालीं, देवनागरीस जागा मिळाली. परंतु बाजारांतील बहुतेक मराठी प्रोग्रामांनीं निराळी युक्ति केली. इंग्रजी अक्षरांचे जे अंक, त्यांवरच देवनागरीचीं चित्रें बसविलीं. आणि प्रत्येक कंपनीनें आपापल्या क्रमानें. त्यामुळें फाइलींत खरोखर इंग्रजी अक्षरेंच असतात. त्या कंपनीचा फॉन्ट यंत्रावर असेल तोंवर तीं मराठी दिसतात, फॉन्ट गेला कीं सोंग उतरतें.

पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कागद धड आहे, शाई धड आहे, भाषा तर आपलीच; पण मोडी वाचणारे थोडे, म्हणून बाकीच्यांस तो कागद मुका. मोडीस मुकी व्हावयास दोन तीन पिढ्या लागल्या. या फाइली मुक्या व्हावयास एक दुपार पुरली.

आतां या घरीं विंडोज १० वर तोच प्रोग्राम पुनः कां बसविला नाहीं? चकती कपाटांत होती, तिच्यासोबत आलेलें यूएसबीचें लहानसें कुलूपही होतें. असे प्रोग्राम कुलूप लाविल्याशिवाय चालत नसत. परंतु त्या कुलुपाची ओळख पटविणारा ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंतच्या प्रणालींसाठीं केलेला. नवी प्रणाली त्यास दारांतच अडवी. म्हणून मागें जाणें भाग होतें. हौसेनें मागें जाणाराला मी परावृत्त करतों. येथें मीं स्वतः आग्रह धरला.

कृति सांगतों. पहिली गोष्ट, जुनी हार्ड डिस्क पुसूं नये. ती काढून, कागदांत गुंडाळून, वर तारीख घालून कपाटांत ठेवावी. पंधरा वर्षांची डिस्क कोणत्याही दिवशीं दगा देऊं शकते, म्हणून काढण्यापूर्वीं तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी. यंत्रांत लहानशी एसएसडी नवी बसवावी. ती जुन्या यंत्रासही चालते, आणि जो मंदपणा लोक प्रणालीच्या माथीं मारतात त्यांतील बराचसा एवढ्यानेंच जातो. चुकलें तरी जुनी डिस्क परत लाविली कीं आपण जेथून निघालों तेथें पोंचतों. ‘फॉरमॅट’ हा शब्द ज्याच्या तोंडीं पहिला येतो त्याच्या हातीं यंत्र देऊं नये.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरांची. मदरबोर्डाचें नांव व क्रमांक पाहून त्याचे ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून आधींच उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावेत. विंडोज ७ बसल्यावर जाळ्याशीं जोडणारें कार्डच तिला ओळखतां आलें नाहीं, तर तेथून कांहींच मिळवितां येत नाहीं. प्रणालीची चकती आपली, विकत घेतलेली असावी. तिचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक पेटीवरील चिठीवर असतो, तो पुसट होण्यापूर्वीं वहींत उतरावा. पदपथावरील अथवा कोणा अनोळख्यानें दिलेली चकती वापरूं नये. तिच्यांत काय मिसळलें आहे हें कळावयास मार्ग नसतो.

पेटी उघडली तेव्हां समुद्र आंत आलेला दिसला. खाऱ्या वाऱ्यानें रॅमच्या पट्टीचे दांत काळवंडले होते. शाळेंतल्या साध्या खोडरबरानें तें हलकेंच पुसून पट्टी परत बसविली. मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपली होती, तीही बदलली. ती संपली म्हणजे यंत्र प्रत्येक वेळीं वर्षानुवर्षें मागची तारीख दाखवितें, आणि मग सुरक्षित संकेतस्थळें त्याच्याशीं बोलत नाहींत. बिचाऱ्या प्रणालीवर उगाच आळ येतो. ही बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळते.

प्रणाली बसावयास तासाभराहून अधिक वेळ लागला नाहीं. मग ड्रायव्हर, मग कुलुपाचा ड्रायव्हर, मग प्रोग्राम, शेवटीं फाइली; या सर्व काळांत जाळ्याची तार काढून ठेविलेली. पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर हळदीचें गाणें उभें राहिलें. थोरली बहीण मागें उभी होती. तिनें तें वाचलें नाहीं. म्हणावयासच सुरुवात केली.

तार काढून ठेवण्याविषयीं मी फार कडक आहे, त्याचें कारण सांगतों. विंडोज ७ ची डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजीं संपली. त्यानंतर सांपडलेलीं छिद्रें बुजविलीं जात नाहींत. गूगलच्या क्रोमनेंही २०२३ सालीं तिची साथ सोडली. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या उपद्रवानें जगभर यंत्रें अडकविलीं आणि इंग्लंडांतील रुग्णालयांचीं कामें थांबविलीं. त्यांत विंडोज ७ चीं, वेळेवर ठिगळ न लाविलेलीं यंत्रें पुष्कळ होतीं. पुढच्याच महिन्यांत तशाच दुसऱ्या उपद्रवानें, मुंबईच्या समोर पाण्यापलीकडे, न्हावाशेवा बंदरांतील एका टर्मिनलचें काम खोळंबलें. तेव्हां जुन्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार, कांहींही करूं नये. तीवर लिहिलेलें वाचावें आणि बाहेर काढावें, इतकेंच. याच यंत्रावर जाळें हवें असेल तर दुसऱ्या भागांत एखादी हलकी लिनक्स प्रणाली ठेवतां येते.

बाहेर काढणें म्हणजे जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडांत आणणें. त्यासाठीं रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांवर डोळे मिटून विसंबूं नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार दिसतो तसा, म्हणजे व्यंजनाच्या आधीं, लिहिलेला असतो. युनिकोडांत तो उच्चाराप्रमाणें व्यंजनानंतर येतो. रफाराचें याच्या उलट. या दोन ठिकाणीं आणि जोडाक्षरांत चुका हटकून होतात. म्हणून सर्व गाणीं आधीं जुन्या यंत्रावरूनच कागदावर छापून घेतलीं, आणि तो कागद समोर ठेवून बहिणीनें व मीं ओळ न् ओळ ताडून पाहिली. शुद्धलेखन तपासण्याची आपोआप सोय बंद ठेविली होती. नाहीं तर कोळी बोलींतला प्रत्येक शब्द ती चूक म्हणून तांबड्या रेघेनें अधोरेखित करती. माझीही लेखणी कांहीं रूपांपाशीं अडखळे. तेथें मी बहिणीकडे पाही. ती म्हणे, “सर, आये असंच म्हणायची,” आणि तें तसेंच राही.

तीन फाइली अपुऱ्या निघाल्या. त्यांतील दोन गाणीं बहिणीनें आठवून पुरीं केलीं, तिसऱ्याची अखेर वस्तींतल्या एका म्हाताऱ्या बाईंस विचारावयाची आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत सर्व गाणीं छापून नातलगांस वाटावयाचीं, असें घरांत ठरलें आहे. जुनी डिस्क अद्याप कपाटांतच आहे, आणि ती तेथेंच राहूं द्या असें मीं सांगितलें आहे.

ज्यांच्या जुन्या चकत्यांवर बुरशी आली आहे अशा दोघां वाचकांचीं पत्रें आलीं आहेत. त्यांविषयीं पुढील अंकीं.