परमुलखातला शेजारी

गेल्या वर्षी वसतिगृहावर एका रात्री वाद रंगला होता. ख्रिस्ती माणसे परक्या मुलखात जाऊन लोकांशी प्रेमाने वागतात, ती निव्वळ माणुसकी की धर्म वाढवण्याची युक्ती? बहुतेकांचे मत पडले, "हेतूशिवाय कोण कुणाला पाणी पाजतो?" मी त्या रात्री गप्प बसलो. ते गप्प बसणे अजून टोचते, म्हणून हा लेखप्रपंच.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. चोरांनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला पाहून त्याचेच धर्मगुरू बाजूने निघून जातात. थांबतो तो शोमरोनी. तो स्वतःही वाटसरूच असतो, आणि ज्यांच्याशी वैर त्यांच्यापैकी एकाला मदत करतो. काय करतो? जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन नाणी देऊन पुढे जातो. जखमीला तो धर्म विचारीत नाही, आणि आपलाही सांगत बसत नाही.

मित्रांच्या शंकेत मात्र तथ्यच नाही, असे मी म्हणणार नाही. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली, तेव्हा पदरी पडला तो धर्मांतराचा उपदेश. हा पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या होत्या, तिथे तो त्यांच्या वाचनात आला. त्याही ख्रिस्तीच. परंतु त्यांनी अट घातली नाही. साधे पत्र लिहिले. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्या, तेव्हा याच बाई त्यांना न्यायला आल्या आणि त्यांनी आपल्या घरात त्यांना जागा दिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, तोवर त्यांनी धर्म सोडला नव्हता, आणि म्हणून मावशीचे प्रेम तसूभरही कमी झाले नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई वारल्या. त्यांची रक्षा पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवलेली आहे. परक्या पोरीला मरणानंतरही घरातलीच मानणाऱ्या त्या बाईंना कोणता स्वार्थ साधायचा होता?

माझ्या मते खऱ्या प्रेमाची कसोटी हीच. समोरचा आपल्यासारखा झाला नाही तरी ते टिकते का? टिकले तर ते प्रेम, नाही तर तो व्यवहार. ही कसोटी एकट्या ख्रिस्ती माणसांना नव्हे, सर्वांनाच लागू आहे. साने गुरुजी कोकणातले. १९२४ साली ते अमळनेरला शिक्षक म्हणून आले, तेव्हा खानदेश त्यांना परमुलूखच होता. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते झाडीत, त्यांचे कपडे धूत. एवढ्या लहान कामांनी ते आमचे झाले.

आता घरचे सांगतो. माझे आबा आजारी पडले तेव्हा त्यांना धुळ्याच्या एका दवाखान्यात ठेवले होते. तिथली एक नर्स केरळची, ख्रिस्ती. मराठी मोडकेतोडके. माझ्या आईला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून कोणती गोळी सकाळची व कोणती रात्रीची, हे कळावे यासाठी तिने पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले. शेजारच्या खाटेवरचे काका कुजबुजले, "बघा, आता येशूचे पुस्तक काढील." आम्ही नऊ दिवस होतो. पुस्तक निघाले नाही. निघताना तिने आईला एवढेच विचारले, "बसमध्ये जागा मिळेल ना?"

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. जळगावच्या बसस्थानकावर एका म्हातारीने मला विचारले, "भाऊ, चोपडानी मोटर कोनती शे?" माझ्या खांद्याला नवी पिशवी, हातात इंग्रजीचे पुस्तक. मी मान वर न करता म्हणालो, "पाटी वाचा ना!" ती काही न बोलता पुढे गेली. मग एकदम सूर्य-चंद्र काढलेल्या पुड्या डोळ्यांपुढे आल्या. मी उठून शोधले, पण गर्दीत ती सापडली नाही.

मित्रांनो, आपल्यापैकी कितीतरी जण आपापल्या घरातले पहिलेच शिकणारे आहोत. ज्यांना पाटी वाचता येत नाही, त्यांना बसस्थानक, कचेरी, दवाखाना हे सारे परमुलूखच. तिथे त्यांना भेटणारा शेजारी आपण व्हायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्याच्या चांगुलपणातला हेतू शोधीत रात्री जागवण्यापेक्षा मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या रात्रीच्या वादाला माझे हे उत्तर, उशिरा का होईना.

— द्वितीय वर्ष, कला