हिरव्या मुक्कामाचा ताळेबंद

ऐषाराम आणि निसर्गरक्षण हे दोन शब्द एका दमात उच्चारले गेले की माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी सावध होतो. कर्जाच्या अर्जात विशेषणं फार गोड असली, की तारणाचे कागद दोनदा तपासायचे, ही आमची जुनी सवय. कोस्टा रिकातल्या जंगलांमध्ये ‘इको-लॉज’ नावाच्या महागड्या वास्तूंत राहिलो, तेव्हा ही सवयही सामानाबरोबर गेलीच होती.

भिंतींऐवजी जाळी, पलंगावर मच्छरदाणी, वातानुकूलन नाही, दूरचित्रवाणी नाही; आणि एका रात्रीचे शेकडो डॉलर! आमच्या आजोळी हे सगळं फुकट होतं, असा विनोद सुचतो खरा. पण पहाटे हाऊलर माकडांच्या गर्जनेनं जाग येते, डोक्यावरून लाल मकाव पोपटांची जोडी ओरडत जाते, आणि विनोद ओठांतच राहतो. प्रश्न मात्र राहतोच: या पैशांनी नेमकं काय वाचतं?

उत्तरासाठी जरा मागं जावं लागतं. 1940च्या सुमारास या छोट्या देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. 1980च्या दशकात तो जेमतेम पाव उरला. कुऱ्हाड शेतकऱ्याच्या हातात होती. पण तिला धार लावली सरकारी धोरणानं आणि बँकांनी. जंगल तोडून मोकळी केलेली जमीन ‘सुधारलेली’ मानली जाई. त्यावर मालकी हक्क मिळे, गुरांच्या कुरणासाठी स्वस्त कर्ज मिळे आणि मांस अमेरिकेला जाई. कागदोपत्री सगळं चोख. उभ्या झाडाची किंमत मात्र कुठल्याच खात्यात नव्हती. त्या कर्जांच्या फायलींवर सह्या करणारे लोक माझ्यासारखेच सरळमार्गी नोकरदार असणार, हा विचार मला अस्वस्थ करतो.

मग हिशेब उलटा मांडला गेला. 1996च्या वनकायद्यानं जंगलाचं शेतात वा कुरणात रूपांतर करण्यास बंदी घातली आणि झाडं राखणाऱ्या जमीनमालकाला मोबदला देण्याची सोय केली. त्यासाठीचा पैसा प्रामुख्यानं इंधनावरच्या करातून आला. म्हणजे मोटारवाल्यानं पेट्रोल भरताना शेतकऱ्याच्या झाडाचं भाडं भरलं. मांसाचे भाव उतरल्यानं कुरणंही परवडेनाशी झाली होती. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा हिरवा आहे. तेव्हा ‘आम्ही जंगल वाचवलं’ असं कुठलाही लॉज म्हणत असेल, तर त्यानं श्रेयाचा मोठा वाटा कायद्याला आणि करदात्याला द्यायला हवा.

पण उरलेला वाटा खोटा नाही. ओसा द्वीपकल्पावरचं ‘लापा रिओस’ घ्या. मिनेसोटाच्या एका दाम्पत्यानं सुमारे हजार एकर जमीन घेतली, त्यातलं बहुतेक वर्षावन तसंच ठेवलं आणि 1993मध्ये मोजक्याच झोपड्यांचा लॉज उघडला. नोकरीत प्रामुख्यानं परिसरातली माणसं घेतली. मुलांसाठी शाळा उभारायला हात लावला. अशा ठिकाणी थोडे पाहुणे, जास्त दर, हा आडाखा पटतो. ज्या गावात पूर्वी झाड तोडूनच चूल पेटायची, तिथं झाड उभं ठेवून पगार मिळू लागतो.

दुसरी बाजूही याच देशात आहे. ग्वानाकास्ते प्रांतातला उत्तर प्रशांत किनारा कोरडा. तिथं किनाऱ्यावरच्या पर्यटन बांधकामांसाठी आपल्या भूजलावरून नळ टाकला जातोय म्हणून 2008 साली सार्दिनाल गावचे लोक रस्त्यावर उतरले. टॉवेल रोज धुऊ नका, अशी पाटी स्नानगृहात लावणं सोपं आहे. पण विहिरीवर पहिला हक्क कुणाचा, याचं उत्तर त्या पाटीवर नसतं. शिवाय तिथवर नेणाऱ्या विमानाचा धूर आहेच. दूरच्या देशातून आलेल्या पाहुण्यानं आठवडाभर प्लास्टिकची नळी नाकारली म्हणून तो धूर फिटत नाही.

म्हणून असे मुक्काम बंद करा, असं मी म्हणणार नाही. पाहुणा गेला आणि कुरण परतलं, तर तोटा जंगलाचाच. मात्र मोठी रक्कम मोजणाऱ्यानं ग्राहकासारखं विचारावं: भोवतालची जमीन कायमची राखण्याचा करार आहे का, की मालक बदलला की जंगलही विक्रीला? व्यवस्थापकाच्या खुर्चीत गावचा माणूस आहे का, की तो फक्त पाहुण्यांच्या बॅगा उचलतो? पाणी कुणाच्या वाट्याचं? कोस्टा रिकाच्या पर्यटन संस्थेनं 1997पासून हॉटेलांना शाश्वततेची प्रमाणपत्रं देण्याची पद्धत सुरू केली. ती जरूर पाहावीत. पण बँकेत आम्ही केवळ शिफारसपत्रावर कर्ज देत नव्हतो.

बांबूची नळी आणि हर्बल साबण हे व्याजाचे चिल्लर पैसे आहेत. मुद्दल बाहेर, अंधारात, पावसात उभं आहे. आपल्या पैशांतला किती भाग तिथवर पोचतो, एवढं विचारायचा अधिकार बिल भरणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरं दार ठोठावण्याचाही.