ही वाफ कशाची?

दोस्तांनो, संगमनेरहून नववीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, "माझी आजी विड्या वळते. पण घरात कुणी विडी ओढायची नाही, अशी तिची सक्त ताकीद. परवा मामाच्या मुलानं पुण्याहून पेनासारखी ई-सिगारेट आणली. तो म्हणतो, यात तंबाखू नाही, धूर नाही, नुसती आंब्याच्या वासाची वाफ. खरं का?"

तंबाखूचं पान त्यात नसतं, एवढं खरं. आता पेन उघडून बघू. (कल्पनेतच हं!) आत एक छोटा सेल, तारेचं वेटोळं आणि कापसाची वात. समईची वात तेल ओढते, तशी ही वात एक द्रव ओढते. तार तापते, द्रवाची वाफ होते आणि थंड होताना तिचे बारीक थेंब बनतात. तो ढग या थेंबांचा. म्हणजे आपल्या चहाच्या वाफेसारखं हे नुसतं पाणी नव्हे.

मग कोणता द्रव? मुख्यतः दोन. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, तर ग्लिसरीन २९० अंशांना. ग्लिसरीन तर ओळखीचंच. थंडीत ओठ फुटले की आई लावते ते. चवीला गोड, आणि खाण्याच्या पदार्थांतही चालतं.

आता तुम्ही म्हणाल, खाल्लेलं चालतं तर ओढलेलं का नाही? एक तर पोट वेगळं, फुप्फुस वेगळं. आणि दुसरं, फोडणीचं तेल फार तापलं की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो ना? तेलात ग्लिसरीन बांधलेलं असतं. ग्लिसरीनच्या रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ३ अणू. खूप तापल्यावर त्यातून पाण्याचे २ रेणू निघून जातात. वहीत वजाबाकी करा. उरले कार्बन ३, हायड्रोजन ४, ऑक्सिजन १. हा अ‍ॅक्रोलिन, ठसका लावणारा. वात कोरडी पडून तार जास्त तापली की पेनातही तोच तयार होतो. स्वयंपाकघरात आपण खिडकी उघडतो. इथे मात्र तो मुद्दाम आत ओढायचा!

आणि आंब्याचा वास? तो प्रयोगशाळेतला. पण त्याच्याआड लपलाय खरा पाहुणा, निकोटिन. आजीच्या सुपातल्या तंबाखूत असतं तेच, बहुधा तंबाखूतूनच काढलेलं. शुद्ध निकोटिन तेलकट, बिनरंगी असतं. पूर्वी पिकावरचा मावा मारायला निकोटिन सल्फेट फवारत, यावरून त्याची जात ओळखा.

नुसतं निकोटिन घशाला बोचतं. म्हणून त्यात बेन्झॉइक आम्ल घालतात. निकोटिन आम्लारी आहे. आम्ल आणि आम्लारी मिळून काय होतं? क्षार! पुस्तकातलाच धडा. हा क्षार घशाला बोचत नाही, म्हणून खोकला न येता जास्त निकोटिन आत जातं आणि सवय लागते. सवय लागणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मला तर ही युक्ती फार लबाडीची वाटते.

काही कुप्यांवर 'निकोटिन नाही' असं छापलेलं असतं. पण २०१९ च्या कायद्यानं आपल्या देशात ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, तिची जाहिरात करणं, सगळंच बंद आहे. चोरून आलेल्या कुपीवरच्या अक्षरांची हमी कोण देणार? अमेरिकेत त्याच वर्षी अशा पेनांमुळे फुप्फुसं बिघडून हजारो लोक दवाखान्यात गेले. बऱ्याच जणांच्या द्रवात, विशेषतः गांजाचा अर्क असलेल्या चोरट्या मालात, 'ई' जीवनसत्त्वाचं तेलकट रूप मिसळलेलं सापडलं. कुपीवर ते लिहिलेलं थोडंच असणार!

तर मित्रा, मामाच्या मुलाला ती वजाबाकी करून दाखव. आणि आजीला एक विचार. निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं. दिवसभर तंबाखूत हात घालून तिचं डोकं कधी गरगरतं का, मळमळतं का? ती काय म्हणाली ते पुढच्या पत्रात कळव.