सिस्टरसाठी कायद्याची फूटपट्टी वेगळी का?

ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याची बातमी आली. पाठोपाठ आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) घाटी रुग्णालयातही 24 तासांत 18 मृत्यू झाल्याचे समोर आले. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिकामी पदे, खाटांपेक्षा जास्त रुग्ण यांवर भरपूर चर्चा झाली. त्या चर्चेत परिचारिका आली ती रिक्त पदांच्या तक्त्यातला एक आकडा म्हणून. कायदा तिच्याकडून काय मागतो आणि बदल्यात तिला काय देतो, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

आधी नोंदणीचे पाहू. एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले म्हणजे कुणी आपोआप परिचारिका होत नाही. महाराष्ट्रात 1966 चा परिचारिका अधिनियम आहे. त्यानुसार मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते आणि ठरावीक मुदतीने नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. गैरवर्तन सिद्ध झाले तर परिषद ते नाव काढूनही टाकू शकते. देशपातळीवर 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यात व्यावसायिक आचरण आणि नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळ आहे, राज्यांसाठी राज्य आयोगाची तरतूद आहे. ही नोंदवही म्हणजे समाजाला दिलेली हमी आहे: या हातांनी दिलेले इंजेक्शन शिकलेल्या माणसाने दिलेले आहे आणि चूक झाली तर जाब विचारायला जागा आहे.

ही हमी रोज मोडली जाते, हे आपण सगळे जाणतो. दहावी-बारावी झालेल्या गरीब घरातल्या मुलीला पांढरा ड्रेस देऊन, चार महिन्यांत सलाईन लावायला शिकवून "सिस्टर" म्हणून उभे करणारी छोटी खासगी रुग्णालये कुठल्याही शहरात सापडतील. रुग्णाच्या नातेवाइकाला फरक कळत नाही. पैसे मालकाचे वाचतात, जीव रुग्णाचा टांगणीला लागतो आणि काही बिघडले तर पोलीस ठाण्यात ती मुलगी जाते. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करायला बसतो, त्याने होणाऱ्या नुकसानीची भरपाई करावी, अशी शिकवण हदीसमध्येही आहे. म्हणजे परवान्याची कल्पना आपल्याला परकी नाही. प्रश्न इतकाच की, भरपाई शिकाऊ मुलीने करायची की तिला त्या कामाला लावणाऱ्याने?

आता नोंदणीकृत परिचारिकेकडे वळू. तिची जबाबदारी "डॉक्टरांनी सांगितले ते केले" इथे संपत नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच प्रश्न प्रत्येक डोसला तिने स्वतःला विचारायचे असतात. दहापट मात्रा लिहिली गेली असेल तर ती देण्याआधी डॉक्टरांना फोन करणे हे तिचे कर्तव्य आहे, त्याला आगाऊपणा म्हणता येत नाही. फोनवरून आलेली तोंडी सूचना लगेच वेळेसह लिहून ठेवणे आणि नंतर डॉक्टरांची सही घेणे, रुग्णाची प्रकृती ढासळली तर कुणाला किती वाजता कळवले याची नोंद ठेवणे, रुग्णाची खासगी माहिती वॉर्डाबाहेर जाऊ न देणे, हे सगळे तिच्या कामातच येते. कोर्टात शेवटी केस पेपर बोलतो. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असे गृहीत धरले जाण्याचा धोका असतो. नाईट ड्युटीला पन्नास रुग्णांमागे पळणारी सिस्टर नेमके हेच लिहायचे राहून जाते.

आणि मग भंडारा घडते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि 10 बाळे गेली. काही अधिकारी निलंबित झाले, पण पुढे गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशी 11 कोविड रुग्णांचा जीव गेला. पोलिसांनी अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. पण इमारतीची वायरिंग, आग विझवण्याची यंत्रणा आणि त्यांची तपासणी सिस्टरच्या हातात नसते, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

इथेच कायद्याची विषम फूटपट्टी दिसते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. डॉक्टर असो, परिचारिका असो की वाहनचालक, सर्वांना तीच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) ने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून असे घडले तर मात्र मर्यादा दोनच वर्षे ठेवली. हा व्यावसायिक कोण, याचा खुलासा कलमातच आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्याखाली ज्याची नोंदणी आहे तो. परिचारिका त्यात बसत नाही. म्हणजे एकाच खाटेजवळ, एकाच औषधाच्या चुकीसाठी डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत आणि ते औषध टोचणाऱ्या सिस्टरला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले की, डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. हे शहाणपण परिचारिकेलाही तितक्याच स्पष्टपणे लागू व्हायला नको का?

कुणी म्हणेल, मग सिस्टरने चूक केली तरी सोडून द्यायचे? मुळीच नाही. झोप काढण्यासाठी मॉनिटरचा अलार्म बंद करणारी, पैसे घेतल्याशिवाय बाळ आईच्या हातात न देणारी, गरीब रुग्णाला हिडीसफिडीस करणारी परिचारिका असेल तर परिषदेने तिची नोंदणी काढून घ्यावी, गुन्हा असेल तर खटलाही चालावा. पण तिची चूक आणि व्यवस्थेची चूक वेगळी करायला तज्ज्ञ हवेत आणि त्या तज्ज्ञांत अनुभवी परिचारिकाही हव्यात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. हे प्रमाण कागदावर ठेवून कटघऱ्यात मात्र एकट्या सिस्टरला उभे करणे हा न्याय नव्हे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कलम 106 मधील मर्यादा नोंदणीकृत परिचारिकांनाही लागू करावी. गुन्हा नोंदवण्यापूर्वी तज्ज्ञ समितीचे मत राज्य सरकारने परिपत्रक काढून बंधनकारक करावे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडून परिचारिकेचे काम करून घेणाऱ्या मालकावर आधी कारवाई व्हावी. आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान 20 हजार रुपये वेतन द्यावे, ही सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीची शिफारस अमलात यावी.

आपल्या समाजातल्या आईवडिलांनाही एक विनंती. मदिनेत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मग मुलगी नर्सिंगला जाते म्हटल्यावर नाक मुरडू नका. फक्त प्रवेश घेण्यापूर्वी ती संस्था परिषदेची मान्यताप्राप्त आहे का, हे तपासा. स्वस्तातला "नर्सिंग कोर्स" करून तिच्या हाती सिरिंज येईल, पण नोंदणी क्रमांक येणार नाही. आणि त्या क्रमांकाशिवाय, उद्या काही बिघडले तर तिच्या बाजूने बोलायला कुणीच नसेल.