व्यापार-विचार : गिरणीची खरी क्षमता कशी मोजावी?



दिवाळी आटोपली की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडील देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यात धानाच्या कापणी-बांधणीला वेग येतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत वर्षभराचे धान बाजारात उतरते. तांदूळ मात्र लोक बाराही महिने खातात. आवक तीन महिन्यांची आणि मागणी बारा महिन्यांची, या विषमतेतून वाट काढणे म्हणजेच उत्पादनाचे नियोजन होय. मोठ्या कारखान्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथांतील हे शास्त्र चंद्रपूर-गडचिरोलीतील भात गिरणीला तंतोतंत लागू पडते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा या व्यवसायाशी संबंध असल्याने या महिन्यात त्याचाच विचार करू.

पहिला प्रश्न असा की, गिरणीची क्षमता म्हणजे नेमके काय? यंत्रविक्रेता सांगतो, ‘ताशी चार टन.’ हाच आकडा प्रकल्प अहवालात उतरतो. रोज वीस तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले की चोवीस हजार टन धानाची भरडाई कागदावर सिद्ध होते. बँकेच्या सेवेत असताना असे अहवाल पुष्कळ वाचावे लागले. त्यांतील गुणाकार बहुधा अचूक असे, परंतु गृहीतके तपासावी लागत.

आता वास्तवाचा हिशेब मांडू. मानू या की गिरणी दिवसाला बारा तास चालते. वीज जाणे, रबर रोल बदलणे, बारदान वा हमाल वेळेवर न मिळणे, धान ओलसर असणे या कारणांनी तिचा प्रत्यक्ष वेग पंच्याऐंशी टक्केच पडतो. म्हणजे दिवसाला सुमारे एकेचाळीस टन. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एक हजार टनांहून किंचित अधिक, आणि डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत सुमारे सहा हजार टन. कागदावरील चोवीस हजारांचा हा जेमतेम चौथा हिस्सा झाला. कर्जाचे हप्ते मात्र चोवीस हजारांच्या भरवशावर ठरलेले असतात. अनेक गिरण्यांच्या अडचणींचे मूळ मंदीत नव्हे, तर या दोन आकड्यांतील अंतरात असते.

दुसरा मुद्दा अडसराचा. बैलगाड्यांचा तांडा सर्वांत मंद बैलाच्या चालीने चालतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल’ या कादंबरीतून हेच तत्त्व कारखानदारांना पटवून दिले. शेलर ताशी चार टन धान सोलतो, पण पॉलिशर तीन टनांपुरताच असेल, तर ती गिरणी तीन टनांचीच होय. अशा वेळी शेलर मोठा घेतल्याने एक पोतेही वाढत नाही; केवळ कर्ज वाढते. आपल्याकडे तर अडसर कित्येकदा यंत्रात नसतोच. तो कधी वाळवणीच्या ओट्यात असतो, कधी गोदामात, कधी मालमोटारींत. शासकीय खरेदीत धानाची आर्द्रता सतरा टक्क्यांपर्यंत स्वीकारली जाते. सुरक्षित साठवणीसाठी ती चौदा टक्क्यांच्या आसपास असावी लागते. या तीन टक्क्यांसाठी लागणारा ओटा आणि ऊन हीही क्षमताच आहे, आणि ती कोणत्याही यंत्राच्या पाटीवर लिहिलेली नसते.

वाण बदलण्यातही वेळ जातो. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने विकसित केलेला एचएमटी हा बारीक वाण आपल्या भागाचा अभिमान आहे. परंतु सकाळी एचएमटी, दुपारी ठोकळ आणि पुन्हा संध्याकाळी एचएमटी, असे केले तर प्रत्येक वेळी यंत्रे रिकामी करणे, चाळण्या बदलणे आणि रोलचे अंतर साधणे यांत तास निघून जातात. एका जातीच्या धानाचे सलग तीन-चार दिवस ठरवून घेणे, हा बिनखर्चाने क्षमता वाढवण्याचा मार्ग आहे.

आता मुख्य निर्णयाकडे वळू. समजा, आपण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दरमहा दोन हजार, म्हणजे एकूण सहा हजार टन धान घेतले. बारा तासांच्या पाळीत महिन्याला सुमारे हजार टनच भरडले जाते. म्हणून फेब्रुवारीअखेर तीन हजार टन धान गोदामात शिल्लक राहते. साधारण धानाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. त्या दराने या शिलकीत सात कोटी रुपयांहून अधिक रक्कम अडकते आणि काम संपायला मेअखेर उजाडते.

हीच गिरणी सोळा तास चालवली तर? महिन्याला सुमारे १,३६० टन निघतील. फेब्रुवारीअखेर शिल्लक १,९२० टन, तिची किंमत सुमारे साडेचार कोटी, आणि काम एप्रिलच्या मध्यास पूर्ण होईल. तयार तांदूळ लगेच उचलला जातो आणि व्याज दहा टक्के आहे असे धरल्यास, केवळ धानाच्या साठ्यावरील व्याजात हंगामाला सुमारे नऊ लाख रुपयांचा फरक पडतो. वाढीव मजुरी आणि वीज यांचा खर्च या रकमेपुढे ठेवून पाहावा. दुप्पट क्षमतेची नवी गिरणी हा तिसरा पर्याय. ती फेब्रुवारीअखेर काम संपवील, परंतु पुढे नऊ महिने बंद राहून बाराही महिने व्याज मागेल.

यात आपल्या वनप्रदेशाचे पंचांगही पाहिले पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि त्यानंतर मेमध्ये तेंदूपत्ता. या दिवसांत खेड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे जंगलात जातात, कारण ती त्यांची वर्षभराची रोख मिळकत असते. तेव्हा गिरणीला हमाल मिळत नाहीत, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. ‘मेअखेर काम संपेल’ हा हिशेब याच ठिकाणी कोसळतो आणि धान मृगाच्या तोंडावर जाऊन पोहोचते. पुस्तकातील नियोजनात मनुष्यबळ बारा महिने सारखे धरलेले असते. आपल्याकडे ते मोहाच्या झाडाला विचारून ठरवावे लागते.

तसेच पाळी वाढवताना घड्याळाबरोबर वाटेचाही विचार हवा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत वाघांचा वावर मोठा आहे. गडचिरोलीत २०२१ पासून रानटी हत्तीही आले आहेत. रात्री दहाला सुटलेला मजूर सायकलवरून जंगलातील वाटेने घरी जाणार असेल, तर त्या चार वाढीव तासांची किंमत आपण मोजलीच नाही असे म्हणावे लागेल. त्याच्या मुक्कामाची व्यवस्था किंवा घरापर्यंत वाहन, हा उत्पादनखर्चाचाच भाग आहे. हा खर्च परवडत नसेल तर ती पाळीही परवडत नाही, असे समजावे.

आता आपल्या धर्मदृष्टीचा प्रश्न. पावसाळ्यात हवा दमट होते, धानात सोंडे आणि पतंग होतात. मग व्यापाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एकतर माल खराब होऊ द्यायचा, नाहीतर विषारी वायूची धुरी देऊन असंख्य जीवांचा नाश करायचा. दोन्ही वाटा श्रावकाला क्लेश देणाऱ्या आहेत. गोदामात किडे झाल्यानंतर अहिंसेचा विचार करून काय उपयोग? तो विचार नोव्हेंबरमध्ये, सौद्याची चिठ्ठी लिहिताना करायचा असतो. चातुर्मासापूर्वी जेवढे धान वाळवून, भरडून, बाहेर काढता येईल तेवढेच घ्यावे, हा नियम केला तर धर्म आणि नफा एकाच पारड्यात बसतात.

शासनाच्या भरडाईचे काम घेणाऱ्यांनीही हेच मोजमाप लावावे. तेथे शंभर किलो धानामागे अरवा तांदूळ सदुसष्ट किलो व उसना अडुसष्ट किलो द्यावा लागतो. साठा भिजला, तुकडा वाढला, तर ती तूट गिरणीवाल्याच्या पदरी पडते. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर ताडपत्रीखाली उघड्यावर पडलेले धान पावसात भिजल्याचे आपण वृत्तपत्रांत वाचतो. खरेदी, साठवण आणि भरडाई या तीन वेगांचा मेळ न बसल्याचा तो परिणाम असतो. आपल्या आवारात तसे होऊ नये म्हणून, जेवढे उचलणे झेपेल तेवढ्याचाच करार करावा.

आपल्या शास्त्रकारांनी श्रावकासाठी परिग्रह-परिमाण हे अणुव्रत सांगितले. सामान्यतः आपण ते सोने, जमीन व रोकड यांच्याशी जोडतो. परंतु हंगामापूर्वी ‘यंदा इतके टन, याहून अधिक नाही’ असे ठरवणे हेही परिमाणच आहे. आधुनिक व्यवस्थापनशास्त्र त्याला क्षमता-नियोजन म्हणते.

म्हणून वाचकांना विनंती की, या हंगामात एक साधी वही घालावी. रोज गिरणी किती तास चालली, किती वेळ आणि कोणत्या कारणाने बंद राहिली, किती धान आत गेले आणि किती तांदूळ निघाला, एवढ्या चारच नोंदी. घरातील सून अथवा मुलगा-मुलगी वाणिज्य शाखेत शिकत असेल, तर ही वही त्यांच्याकडे सोपवावी. एका हंगामात गिरणीची खरी क्षमता आपल्या हातच्या अक्षरात लिहिलेली मिळेल. नवे यंत्र घ्यायचे की नाही, याचे उत्तर त्यानंतरच शोधावे. बँकेकडे जाताना प्रकल्प अहवालाच्या आधी तीच वही पुढे ठेवावी.

जय जिनेंद्र.