रुमाल टाकणारा निदान बसतो तरी

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि थोडी कडूही आहे. आधीच सांगतो, यातला पहिला आरोपी मीच आहे. त्यामुळे "तू कोण सांगणारा" हा प्रश्न विचारायचे कष्ट घेऊ नका.

इथे अमेरिकेत आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर सुट्टीच्या आधी एक 'टिप' फिरते. ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचंय? मग राहायला बाहेर किसिमीत मोठं घर भाड्याने घ्या. स्वयंपाकघर मिळतं, पोहायचा तलाव मिळतो, पोहे-खिचडी करता येते. पण त्याच्या जोडीला डिस्नेच्या फोर्ट विल्डरनेस या कॅम्पग्राउंडमध्ये तंबूची एक जागा एका रात्रीसाठी बुक करून ठेवा. तिकडे जायचं नाही. तंबूही न्यायचा नाही. फोनवर चेक-इन झालं की तुम्ही कागदोपत्री 'डिस्नेच्या मुक्कामाचे पाहुणे'. पार्कमध्ये रोज अर्धा तास आधी प्रवेश, पार्किंगचे पैसे माफ, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लाइटनिंग लेनच्या वेळा इतरांच्या आधी निवडायची मुभा. एका जागेवर दहा माणसांपर्यंत नावं चालतात. म्हणजे दोन कुटुंबं एका रिकाम्या जमिनीच्या तुकड्यावर आरामात बसतात. कागदावर.

मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही हेच केलं. अटलांटाहून दोन गाड्या, नऊ माणसं. जागेचं भाडं वाटून घेतल्यावर माणशी एकवीस-बावीस डॉलर पडले. सकाळी पार्क उघडायच्या आधी आत शिरलो, मुलांच्या आवडीच्या दोन राइड्स रांगेशिवाय झाल्या. मी ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "जुगाड सक्सेसफुल!" सत्तर-ऐंशी अंगठे आले. एका वहिनींनी तर सगळं स्टेप बाय स्टेप लिहून मागितलं आणि मी ते मोठ्या उत्साहाने लिहून दिलं.

सुट्टी संपवून ऑफिसला आलो. जेवणाच्या टेबलावर एक सहकारी बोलत होता. इथलाच, जॉर्जियातला माणूस. लहानपणी तो वडिलांबरोबर फोर्ट विल्डरनेसला तंबू टाकून राहायचा. आता मुलांना घेऊन जातो. मोठ्या हॉटेलच्या खोल्या त्याला परवडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर नकोच असतात. पाणी, वीज, एक बाकडं, निखाऱ्यांची शेगडी, संध्याकाळी शेकोटीभोवतीची गाणी, आणि तळ्यातून बोटीने मॅजिक किंगडमला जाणं, ही त्याची सुट्टी. म्हणाला, "या वर्षी जागाच मिळाली नाही. तीन आठवडे रोज रात्री झोपायच्या आधी बघत होतो, कुणी रद्द करतंय का. कुणीच नाही केलं."

मी डब्यातली भाजी खात राहिलो. तारखा त्याच होत्या. माझी जागा त्या रात्री रिकामी होती.

आता तुम्ही म्हणाल, तुझीच जागा त्याला मिळाली असती कशावरून? खरंय, कशावरूनच नाही. पण मी एकटा थोडाच होतो? माझ्या त्या 'स्टेप बाय स्टेप'नंतर किती जणांनी तेच केलं असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही. एवढं नक्की, की ते कॅम्पग्राउंड १९७१ पासून तिथे आहे आणि त्यात जागा आहेत सुमारे ८००. तंबूवाल्यांसाठीच्या त्याहून कितीतरी कमी. सुट्टीच्या आठवड्यात त्यातली एकेक जागा म्हणजे एकेका कुटुंबाची सुट्टी असते.

ग्रुपवर हे बोललो तेव्हा जी उत्तरं आली, ती एकेक करून घेऊ.

पहिलं उत्तर: "पैसे भरलेत ना? मग तिथे झोपायचं की नाही ही आमची मर्जी." कंपनीपुरतं हे शंभर टक्के बरोबर आहे. तिथे झोपलंच पाहिजे असं कुणी बघायला येत नाही. चोरी नाही, फसवणूक नाही. कंपनीचं तर उलट भलंच झालं, भाडं मिळालं आणि ना पाणी खर्च झालं ना झाडू मारावा लागला. पण माझं भांडण कंपनीच्या वतीने नाहीच. तिचं बघायला तिचे वकील आहेत. माझा प्रश्न त्या जागेसाठी रोज रात्री फोन उघडून बघणाऱ्या माणसाचा आहे. त्याच्याशी आपला करार नाही, म्हणून त्याचं आपण काहीच लागत नाही का?

लग्नाच्या पंगतीत पान मांडून घ्यायचं, वाढून घ्यायचं, आणि न जेवता उठून आहेराची पिशवी घेऊन जायचं. यजमानाने हाकललं नाही म्हणून ते शोभतं का? दुसऱ्या पंगतीची वाट बघत माणसं दारात उभी असतात.

आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. आपण त्याला नावं ठेवतो. पण रुमाल टाकणारा निदान बसतो तरी! आपण रुमाल टाकतो आणि मग स्वतःच्या गाडीने जातो.

दुसरं उत्तर: "रांग कंपनीच विकते, मग आम्ही विकत घेतली तर बिघडलं कुठे?" हे उत्तर मात्र वजनदार आहे, त्याला मान देऊन बोलतो. १९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता आणि सगळ्यांना सारखा होता. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, दिलेल्या वेळी परत यायचं. तुम्ही राजवाड्यासारख्या हॉटेलात राहा की मावशीकडे, यंत्राला फरक पडत नव्हता. पुढे २०१४ च्या सुमारास ते फोनवर आलं आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी, बाकीच्यांना ३० दिवस आधी अशी विभागणी झाली. ऑक्टोबर २०२१ पासून तेच पैसे देऊन घ्यायचं झालं. जुलै २०२४ पासून मुक्कामाच्या पाहुण्यांना ७ दिवस आधी आणि बाकीच्यांना ३ दिवस आधी निवड करता येते. पैसे दोघेही भरतात, पण एकाला ताट आधी मिळतं आणि दुसऱ्याला उरलेलं.

तेव्हा हो, मूळ दुखणं कंपनीने केलंय. झोपायच्या जागेला रांगेतला नंबर जोडला की कुणीतरी झोपेशिवाय नंबर घेणारच. पण मग आपण "कंपनीला तिच्याच नियमात पकडलं" म्हणून मिशीला पीळ देतो, ते कशासाठी? कंपनीचं काय गेलं? तिने खोलीला जोडून जे विकायला काढलं, तेच आपण बाहेर घर घेऊनसुद्धा जास्तीचे पैसे देऊन विकत घेतलं. तिचं सगळ्यात गुणी गिऱ्हाईक आपणच. चुकवलं ते आपल्यासारख्याच एका घराला. त्यांनी वर्षभर पैसे साठवून पार्कची तिकिटं काढली, बाहेर स्वस्त मोटेलात उतरले, तीन दिवस आधी फोन उघडला, आणि मुलीला हवी असलेली राइड किंवा सोयीची वेळ संपलेली दिसली. राइडमधली आसनं आपल्यामुळे वाढली नाहीत. आपण पुढे गेलो म्हणजे कुणीतरी मागे गेलं, एवढंच.

तिसरं उत्तर: "सगळेच करतात." याचं उत्तर मी देत नाही, त्याच पार्कच्या इतिहासातून घ्या. तिथे अपंग पाहुण्यांसाठी रांगेत ताटकळावं लागू नये म्हणून एक सवलत होती. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली, की काही श्रीमंत कुटुंबं अपंग व्यक्तीला तासावर पैसे देऊन 'गाइड' म्हणून बरोबर घेतात आणि तिच्या सवलतीवर स्वतः पुढे जातात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती जुनी सवलत बंद होऊन नवी, जास्त कडक पद्धत आली. २०२४ मध्ये ती आणखी आवळली, आणि मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती राहिली. ज्यांचं दुखणं त्या चौकटीत बसत नाही, पण तासभर उभं राहणं ज्यांना खरंच जमत नाही, त्यांना आता दुसरे मार्ग शोधावे लागतात. पळवाट काढली धडधाकट माणसांनी. दार बंद झालं ते गरजूंच्या तोंडावर. "सगळेच करतात" याचा शेवट बहुधा असाच होतो.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. आपल्या रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. का? फार आधी काढलेल्या तिकिटांपैकी साधारण २१ टक्के रद्द होतात, आणि सुमारे ५ टक्के लोक रद्दही करत नाहीत आणि प्रवासही करत नाहीत, असं रेल्वेनेच सांगितलं. गणपतीत कोकणात जायला ज्यांनी वेटिंग लिस्टवर रात्री काढल्यात त्यांना हा आकडा समजावून सांगायला नको. "असू दे, दोन-तीन तारखांचं काढून ठेवू, बघू मग" हे वाक्य कुणाच्या घरात ऐकलेलं नाही? ते बोलताना आपल्याला आपली सोय दिसते. दरवाज्याजवळ वर्तमानपत्र पसरून बसलेला माणूस दिसत नाही.

आता माझी बाजू ताणून धरत नाही. खोली घेतली आणि ऐनवेळी पोर आजारी पडलं, तर त्यात चूक काय? तान्हं बाळ आहे, म्हणून दुपारी दोन तास विसाव्यापुरती खोली घेतली, तर ती वापरलीच ना. सवलतीसाठीच तंबूची जागा घेतली, पण खरंच तंबू ठोकून राहिलात, तर उत्तमच, मजा येईल. सप्टेंबरच्या एखाद्या मंगळवारी निम्म्या जागा ओस पडल्या असतील, तेव्हा तुमच्या एका रिकाम्या जागेमुळे निदान कुणाचा तंबू तरी अडत नाही. पण गर्दीच्या आठवड्यात, जागा कमी आहेत हे माहीत असताना, वापरायची नाही हे आधीच ठरवून ती अडवून ठेवणं, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. हा हावरटपणा आहे. हक्क असणं वेगळं आणि शोभणं वेगळं, हे आपल्या आजीने आपल्याला पानावर बसवून शिकवलं होतं. हवं तेवढंच वाढून घे, टाकू नकोस. आजीने तांदळाचे पैसे भरलेले नव्हते का?

ज्या कंपनीने ही जोडणी केली तिनेही काहीतरी करावं. जागेवर माणूस पोचल्यावरच सकाळचा प्रवेश सुरू करा. रात्री ठरावीक वेळेपर्यंत कुणी आलं नाही, तर विचारा आणि जागा वाट बघणाऱ्याला द्या. फार अवघड नाही. पण भाडं मिळत असताना कुठली कंपनी आपणहून हे करेल? म्हणून सुरुवात आपल्यालाच करावी लागेल, आणि ती फार सोपी आहे. ती टिप पुढे पाठवू नका. कुणी विचारली तर "राहणार असशील तर घे" एवढंच सांगा. बुक करून ठेवली असेल आणि जाणार नसाल, तर रद्द करायची मुदत संपायच्या आत सोडा. मी माझी ती 'स्टेप बाय स्टेप' पोस्ट काढून टाकली आहे. पुढच्या वेळी तीन दिवस आधी फोन उघडेन, मिळेल ते घेईन, नाहीतर रांगेत उभा राहीन. रांगेत उभं राहून कुणाचा अपमान होत नाही. पंढरपूरला तासन् तास उभे राहणारे आपणच ना?

शेवटी एक सांगतो. गेल्या आठवड्यात मी त्या सहकाऱ्याला खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं होतं चिडेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग विचारलं, "कुठली जागा मिळाली होती तुला?" मी फोनवरचा जुना मेसेज शोधून नंबर वाचून दाखवला.

"चांगली जागा आहे ती," तो म्हणाला. "दुपारी सावली असते."

मला ते माहीतच नव्हतं.