इंजेक्शनचा बाऊ, खाद्याकडे डोळेझाक

नागझिऱ्याला येणारे पर्यटक जेवण सांगताना हमखास विचारतात, ‘बॉयलर नाही ना? इंजेक्शन देऊन फुगवतात म्हणे!’ शेडमधल्या हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचणे कोणाला परवडेल? पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा पक्षी तयार होतो, तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. औषधांची शंका मात्र रास्त आहे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुपक्ष्यांच्या खाद्यातून सर्रास जायचे, ते केंद्राने २०१९ मध्ये बंद केले. पण मांस कसे निघेल हे मुख्यतः रोजचे खाद्य ठरवते आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द विचारत नाही.

गोंदिया हा राइस मिलचा जिल्हा, त्यामुळे कनकी (तुटलेला तांदूळ) हाताशी असते. खाद्यातला मका इथेनॉलकडे वळल्यापासून महागला. सोयापेंड तर २०२१ मध्ये इतकी कडाडली की केंद्राला १२ लाख टनांच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवणाऱ्याला खाद्य कंपनीच देते, त्याच्या हातात फारसे काही नाही. स्वतःच्या पैशाने पिल्ले आणणारा मात्र खर्च वाचवायला फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात) मिलमधली कनकी मिसळणारच. त्यात गैर काही नाही, ऊर्जेला ती मक्याच्या जवळपास आहे. गोम प्रथिनांत आहे. सोबत पेंड न वाढवता नुसती कनकी ओतली की जास्तीची ऊर्जा पोटातल्या चरबीत जाते आणि छाती भरत नाही. काट्यावर वजन दिसते, पातेल्यात तेल तरंगते. मक्याचा पिवळा रंग कनकीत नसल्याने कातडीही फिकट पडते आणि गिऱ्हाईक पक्षी आजारी समजते. (पिवळी दिसली म्हणजे गावठी, हाही भ्रमच.) कनकीऐवजी मिलमधला कोंडा घालावा, तर तो ठेवला की लवकर खवट होतो.

दुसरी खोड विक्रीच्या वेळची. कापण्याआधी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवून फक्त पाणी द्यायचे असते. आतडी रिकामी राहिली की विष्ठा मांसाला लागत नाही. आपल्याकडे गाडी दारात येईपर्यंत खाऊ घालतात. जिवंत कोंबडी तोलून घेणारा मग दाण्याचेही पैसे मोजतो.

नागपूरच्या पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाने आणि पशुसंवर्धन विभागाने कनकी किती, तिच्यासोबत पेंड किती, हे सोप्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावे, ही विनंती.

– एक कुक्कुटपालक, नागझिरा परिसर (जि. गोंदिया)